कूस बदलायला वॉर्डात माणूस द्या: आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी

सादर नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहते. गेल्या महिन्यात माझे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, पण ते पक्षाघाताने गेले नाहीत. त्यातून ते सावरत होते, चमच्याने पेज घेत होते, नातवाला नावाने हाक मारत होते. दाखल्यावर मृत्यूचे कारण 'सेप्टिसीमिया' लिहिले आहे. माकडहाडावर बेडसोर, म्हणजे अंथरुणात पडून राहिल्याने होणारी जखम झाली, ती चिघळत हाडापर्यंत गेली आणि जंतू रक्तात उतरले. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस उताणा पडून पडून कुजला. ती जखम मी रोज धुतली आहे, म्हणून हे असेच लिहिते.

रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चौकशी लागेल आणि तिथल्या एखाद्या सिस्टरला मेमो मिळेल, हे मला ठाऊक आहे. तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 ला अतिदक्षता विभाग जळाला, तेव्हा अटक झालेल्या चौघींपैकी तिघी परिचारिका होत्या. अण्णांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकच सिस्टर असायची. तिच्याकडे पूर्ण वॉर्ड, वर कॉरिडॉरमधल्या गाद्या. सलाईन संपले, ऑक्सिजन कमी झाला, कुणी पडले, नवीन ॲडमिशन आले, औषधांच्या मागणीचे इंडेंट भरायचे, केस पेपरवर नोंदी करायच्या, सगळे तिनेच. तिने अण्णांची कूस कधी बदलायची? तिच्यावर माझा राग नाही. माझा राग तुमच्यावर आहे.

एक दिवस एम.एस्सी. नर्सिंगची एक विद्यार्थिनी फाईल घेऊन कॉटपाशी आली. तिचा शोधप्रबंध होता, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना बेडसोर टाळण्याविषयी काय माहीत आहे यावर. मी संमतीपत्रावर सही केली. तिने प्रश्न वाचला: रुग्णाची कूस किती तासांनी बदलावी? मला उत्तर येत नव्हते, कारण तोवर ते मला कुणी सांगितलेच नव्हते. अण्णांच्या पाठीखाली तेव्हाच जखम होती. प्रश्नावली संपल्यावर त्या मुलीने बाही वर केली, मला शिकवले. चादर कशी धरायची, गुडघ्यांमध्ये उशी कुठे ठेवायची, टाच गादीवर टेकू कशी द्यायची नाही, लाल झालेली जागा का चोळायची नाही. पंधरा-वीस मिनिटे लागली असतील. पहिल्या दिवशी कुणाला तरी एवढा वेळ मिळाला असता, तर आज मी हे पत्र लिहिले नसते.

मंत्रिमहोदय, त्या प्रबंधाचे पुढे काय झाले हे आपण सांगू शकाल? आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच शहरात आहे, म्हसरूळला, 1998 पासून. राज्यभरातल्या नर्सिंग महाविद्यालयांतून दरवर्षी असे प्रबंध तयार होतात. कुणी मधुमेह्यांच्या पायाच्या काळजीवर लिहिते, कुणी बाळंतिणीच्या स्तनपानावर, कुणी क्षयरोगी गोळ्या अर्ध्यावर का सोडतात यावर. मुली वॉर्डावॉर्डात उभ्या राहून माहिती गोळा करतात, आधी आणि नंतर चाचणी घेतात, शिकवल्याने फरक पडतो असे दाखवतात. प्रबंधाला काळे पुठ्ठे लागतात, तोंडी परीक्षा होते आणि तो कपाटात जातो. ज्या वॉर्डात तो अभ्यास झाला, तिथे एक ओळही परत येत नाही. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याची, जिल्हा रुग्णालये तुमच्या खात्याची. आजाऱ्याच्या पाठीला खाते कळत नाही.

आणि जगात हे सगळे मोजून झालेले आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या 168 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांची महिनाभरात दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यात निघाले. बारा वर्षांनी युरोपातल्या नऊ देशांत पाहिले, तिथेही तोच आकडा. कॅलिफोर्नियाने 2004 पासून कायद्याने एका परिचारिकेमागच्या रुग्णांची संख्या बांधून दिली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने 2016 मध्ये दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असा नियम केला आणि मृत्यू कमी झाले. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचाही निकष आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी 30 टक्के जादा. तुम्ही एका रात्री, कॅमेरा न नेता, कोणत्याही सरकारी मेडिसिन वॉर्डात उभे राहा आणि एका सिस्टरमागे किती कॉट आहेत ते मोजा.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पैसे नाहीत हे उत्तर येणार. 2013 चा एक अभ्यास आहे, अमेरिका-कॅनडातल्या शुश्रूषागृहांमधल्या वृद्धांवरचा. दाट फोमच्या चांगल्या गाद्या दिल्या, तर कूस दर दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली तरी बेडसोरच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे चांगल्या गाद्यांनी सिस्टरचे श्रमही वाचू शकतात. आपल्याकडे हे करून पाहायला काय हरकत होती? अण्णांच्या गादीला मधोमध खड्डा होता आणि रेक्झिन फाटलेले होते. एअर मॅट्रेस तुम्हीच आणा म्हणाले. आम्ही भाड्याने आणली, पण वीज गेली की ती बसायची. ब्रेडन नावाची एक साधी मोजपट्टी आहे, सहा मुद्द्यांची, एका पानावर मावणारी. दाखल होतानाच ती भरली की बेडसोरचा धोका कुणाला आहे ते कळते. त्याला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. ती भरायला मोकळे दोन हात लागतात, आणि तेच तुम्ही देत नाही.

दर 12 मे ला, परिचारिका दिनी, व्यासपीठावरून फुले आणि गौरवाची भाषणे होतात. मे 2022 मध्ये याच परिचारिका कंत्राटी भरती नको म्हणून संपावर बसल्या होत्या. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करू आणि राज्ये 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचे आठ टक्के आरोग्याला देतील. 2025 सरले. महाराष्ट्राने आठ टक्के गाठले नाहीत. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर 24 तासांत 24 माणसे गेली, त्यात बारा अर्भके होती, तेव्हाही समित्या आल्या आणि गेल्या. इथे नाशकात सिंहस्थाच्या कामांचे कोटींचे आकडे रोज पेपरात वाचते. घाट हवेत, रस्ते हवेत, मी नाही म्हणत नाही. मीही रामकुंडावरच अण्णांच्या अस्थी विसर्जित केल्या. पण गोदाकाठी येणाऱ्या पाहुण्यासाठी शहर सजवायचे आणि त्याच शहरातल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला माणूस द्यायचा नाही, हा कोणता कारभार? तुमच्यापैकी कुणाचा आजारी बाप जनरल वॉर्डात ठेवलेला मी अजून पाहिला नाही.

अण्णांना आणि मला तुमची भरपाई नको. त्यांच्या आजारपणात माझी नोकरी गेली, आईची पोत गहाण पडली, ते आमचे आम्ही बघू. मला लेखी उत्तर हवे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, हे वॉर्डाच्या दारावर लावा. रात्रपाळीचाही आकडा लावा. दर महिन्याला रुग्णालयात आल्यावर झालेले बेडसोर मोजा आणि छापा. नर्सिंगचा प्रत्येक प्रबंध ज्या रुग्णालयात झाला तिथल्या अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, मराठीत दोन पानांत मिळाला पाहिजे, आणि त्यातले काय लागू केले ते तिने कळवायला हवे. नातेवाइकाला पहिल्याच दिवशी शिकवण्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक वेगळी परिचारिका नेमा.

'संबंधितांना निर्देश दिले आहेत' एवढेच छापलेले पत्र पाठवू नका. पदे किती, कोणत्या वॉर्डात आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा.

अण्णांची मुलगी,
सिडको, नाशिक