आवर्तनांच्या आकड्याआड दडलेला कॅथोड

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर लिथियम-एअर बॅटरीची माहिती देणारा लेख नुकताच वाचला. इतका अवघड विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन करायलाच हवे. मात्र ‘हजार वेळा चार्ज होणारी बॅटरी’ या मथळ्यामुळे टिकाऊ कॅथोडचा, म्हणजे बॅटरीतील ज्या विद्युत-टोकाशी ऑक्सिजनची अभिक्रिया होते त्याचा, प्रश्न जवळपास सुटल्यातच जमा आहे, असा समज होतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या बॅटरीत लिथियम धातूचा ऑक्सिजनशी संयोग होऊन लिथियम पेरॉक्साइड तयार होते आणि चार्जिंग करताना त्याचे पुन्हा लिथियम व ऑक्सिजन असे विघटन होणे अपेक्षित असते. या अभिक्रियेचा सैद्धांतिक विभव (व्होल्टेज) 2.96 व्होल्ट आहे आणि तयार होणाऱ्या पेरॉक्साइडचे वजन धरून हिशेब केला, तर किलोमागे सुमारे 3,500 वॉट-तास ऊर्जा मिळू शकते. आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये हा आकडा 250 ते 300 च्या आसपास असतो. किलोमागे 11,000 वॉट-तासांचा जो आकडा नेहमी सांगितला जातो, तो केवळ लिथियमच्या वजनावर काढलेला असतो. आत घेतलेला ऑक्सिजन डिस्चार्जनंतर सेलमध्येच राहतो व त्याचे वजन वाहावेच लागते, हे त्यात विसरले जाते.

घोडे पेंड खाते ते कॅथोडपाशी. लिथियम पेरॉक्साइड हा घन पदार्थ असून तो वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. कॅथोडच्या पृष्ठभागावर त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा सलग थर बसला, तरी इलेक्ट्रॉनांची वाट अडते. त्यामुळे कॅथोड सच्छिद्र, हलका आणि उत्तम वाहक असावा लागतो, आणि कार्बन या तिन्ही कसोट्यांना उतरत असल्याने संशोधकांनी सुरुवातीपासून त्यालाच पसंती दिली. परंतु चार्जिंगचा विभव साधारण 3.5 व्होल्टच्या वर गेला, की पेरॉक्साइडच्या सान्निध्यात कार्बनच झिजू लागतो आणि दोहोंच्या सीमेवर लिथियम कार्बोनेट साठते. ते काढायला आणखी जास्त विभव लागतो आणि तो वाढवला की कार्बनची झीजही वाढते. 2012-13 च्या सुमारास काही प्रयोगांत कार्बन-13 या समस्थानिकाचे कॅथोड मुद्दाम वापरण्यात आले. चार्जिंगच्या वेळी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 45 भरला तर तो कॅथोडमधून आलेला आणि 44 भरला तर नेहमीचा कार्बन-12 असलेल्या इलेक्ट्रोलाइटमधून (दोन टोकांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या पदार्थातून), इतका सरळ हा निवाडा होता. दोन्ही प्रकारचा वायू सापडला, म्हणजे दोषी एकटा कॅथोड नव्हता, पण निर्दोषही नव्हता.

कार्बन टाळण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पीटर ब्रूस यांच्या गटाने 2012 मध्ये सच्छिद्र सोन्याचा कॅथोड वापरून 100 आवर्तनांनंतरही (एकदा डिस्चार्ज आणि एकदा चार्ज म्हणजे एक आवर्तन) 95 टक्के क्षमता टिकवून दाखवली. शास्त्रीयदृष्ट्या हा निकाल सोन्याहून पिवळा होता. पण वजन कमी करण्यासाठी ज्या बॅटरीचा घाट घातला, तिच्यात सोन्यासारखा जड धातू घालून काय साधणार? म्हणूनच त्याच गटाचे 2013 मधील टायटॅनियम कार्बाइडवरचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. 100 आवर्तनांनंतर त्याची 98 टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक होती आणि अनिष्ट अभिक्रिया कार्बनच्या तुलनेत बऱ्याच कमी होत्या. या पदार्थावर टायटॅनियमच्या ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या पदार्थाचे रक्षण करतो. मात्र हा थर जाड झाला, तर इलेक्ट्रॉनांनाही आत-बाहेर करता येत नाही. याचा अर्थ, टिकाऊपणा नुसत्या पदार्थाच्या नावात नसून पृष्ठभागावरील दोन-तीन नॅनोमीटरांत असतो.

आता आवर्तनांच्या संख्येविषयी. अशा प्रयोगांत सेल पूर्ण डिस्चार्ज न करता, कार्बनच्या दर ग्रॅममागे 1,000 मिलिअँपिअर-तास अशी मर्यादा घालून थांबवण्याची पद्धत आहे. हा आकडा भरघोस दिसतो. पण कॅथोडवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅमच कार्बन असेल, तर प्रत्यक्षात दर चौरस सेंटिमीटरला मिळतात अवघे 0.5 मिलिअँपिअर-तास, तर बाजारातील लिथियम-आयन सेलच्या इलेक्ट्रोडवर तेवढ्याच जागेत 3 ते 4 सहज मिळतात. समोर लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट गरजेच्या कितीतरी पट भरलेले असल्याने दर आवर्तनात थोडे थोडे नुकसान झाले, तरी ते पोटात घातले जाते आणि आलेख सरळ दिसत राहतो.

याहून बोलका दाखला या क्षेत्राच्या स्वतःच्या इतिहासात आहे. पुन्हा चार्ज होणारी लिथियम-ऑक्सिजन बॅटरी 1996 मध्ये अब्राहम आणि जियांग यांनी मांडली, आणि त्यानंतर अनेक वर्षे लिथियम-आयनमध्ये चालणारे कार्बोनेट वर्गातील इलेक्ट्रोलाइट येथेही सर्रास वापरले गेले. सेल चार्ज होत, डिस्चार्ज होत आणि आवर्तने मोजली जात. 2010-11 मध्ये आतील पदार्थ बारकाईने तपासले, तेव्हा त्यांत मुख्यतः इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून आलेली कार्बोनेटे निघाली आणि अपेक्षित पेरॉक्साइड नावापुरतेही सापडणे कठीण झाले. आवर्तनांच्या मोजणीला यातले काहीही कळले नव्हते.

म्हणून खरी कसोटी आहे ती ऑक्सिजनची. पेरॉक्साइडच्या अभिक्रियेत ऑक्सिजनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे खोलीच्या तापमानाला दर मिलिअँपिअर-तासामागे साधारण 0.45 मिलिलिटर ऑक्सिजन आत जायला हवा आणि चार्जिंग करताना तेवढाच बाहेर यायला हवा. वस्तुमान वर्णपटमापक, म्हणजे रेणूंच्या भारावरून वायू ओळखणारे उपकरण, सेलला जोडून हे मोजता येते. बाहेर येणारा वायू कमी भरला, तर कुठेतरी काहीतरी जळते आहे, मग क्षमता कितीही टिकलेली दिसो. चार्जिंगदरम्यान ‘सिंग्लेट’ ऑक्सिजन हे अतिक्रियाशील रूप तयार होते, असे 2016-17 मध्ये दाखवले गेल्यापासून तर नव्या कॅथोडलाही या परीक्षेतून सूट देता येत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2023 मध्ये घन इलेक्ट्रोलाइट वापरून, पेरॉक्साइडऐवजी लिथियम ऑक्साइड तयार करणारी आणि 1,000 आवर्तने चालणारी बॅटरी प्रसिद्ध केली. ते काम निश्चितच दखल घेण्याजोगे आहे आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपल्या वृत्तलेखकांना एवढीच विनंती आहे, की अशी बातमी देताना आवर्तनांच्या संख्येशेजारी दर चौरस सेंटिमीटरला मिळालेली क्षमता, परत आलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण आणि चाचणी शुद्ध ऑक्सिजनमध्ये झाली की ओलावा व कार्बन डायऑक्साइड असलेल्या साध्या हवेत, हेही छापावे. मूळ शोधनिबंधात यांपैकी एखादी माहिती नसेल, तर ती नाही असे स्पष्ट लिहावे.

आपला नम्र,
विद्युत-रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक