सहीपूर्वीचे चार दिवस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू एका दमात सांगितलेस की दोन कंपन्यांची ऑफर आली आहे, पहिलीला शुक्रवारपर्यंत उत्तर हवे आहे आणि तू आज-उद्याच सही करून मोकळी होणार आहेस. मला आनंद झाला आणि तो मी बोलूनही दाखवला. मनात आलेली शंका मात्र बोलले नाही, कारण कित्येक महिन्यांनी तुझा आवाज इतका मोकळा ऐकू आला होता. ती शंका येथे सविस्तर लिहिते. वाचताना राग आला तर पत्र बाजूला ठेव, पण शुक्रवारच्या आत पुन्हा हातात घे.

गेले चार महिने तू पहाटे उठून कोडिंगचे प्रश्न सोडवलेस, सिस्टिम डिझाइनच्या आकृत्यांनी वह्या भरल्यास आणि सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तू काय केलेस, असल्या प्रश्नांची उत्तरे आरशासमोर उभी राहून घोकलीस. ते तुला काय विचारतील, याच्या तयारीत शेकडो तास गेले. आता विचारण्याची पाळी तुझी आहे आणि तिच्यासाठी तू एक संध्याकाळही राखून ठेवलेली नाहीस. मी बारा वर्षे माणसे निवडण्याचे काम केले, त्या अनुभवावरून सांगते, या साऱ्या प्रक्रियेत कंपनीने उमेदवाराची वाट पाहावी असे दिवस फार थोडे असतात, आणि ते म्हणजे ऑफर पाठवल्यापासून सही येईपर्यंतचे. तेच दिवस तू उरकून टाकायला निघाली आहेस.

तिसऱ्या कंपनीने नाकारल्याची खंत तुझ्या बोलण्यात अजून डोकावते, आणि मला वाटते घाईचे निम्मे कारण तेच आहे. नकार आला की पुढचा होकार कोणी काढून घेईल अशी भीती बसते. मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिले होते की त्यांनी लिहिलेले ‘होमब्रू’ (मॅक संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) गूगलचे बहुतेक अभियंते वापरतात, तरी फळ्यावर बायनरी ट्री, म्हणजे माहितीची झाडासारखी फांद्यांची मांडणी, उलटा करून दाखवता आला नाही म्हणून गूगलने त्यांना घेतले नाही. त्याच कंपनीचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी त्याआधी दोन वर्षे, २०१३ मध्ये, कबूल केले होते की मुलाखतीत बुद्धीची कोडी घालणे म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणे होते. मी स्वतः एकदा दिवसातल्या चौथ्या मुलाखतीत, थकलेली असताना, एका चांगल्या मुलाला नाकारले, असे मला आजही वाटते. त्या नकाराला याहून जास्त अर्थ चिकटवू नकोस.

आता शुक्रवारची मुदत. अल्गोरिदम शिकताना तू ‘सेक्रेटरी प्रॉब्लेम’ पाहिला असशील. उमेदवार एकामागून एक येतात, ज्याला सोडले त्याला परत बोलावता येत नाही, आणि तरीही सर्वोत्तम उमेदवार निवडायचा असतो. त्याचे उत्तर असे की पहिले सुमारे ३७ टक्के उमेदवार नुसते पाहून सोडायचे आणि नंतर त्या सर्वांहून सरस असा जो पहिला येईल त्याला घ्यायचे. एवढे करूनही सर्वोत्तम उमेदवार हाती लागण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपासच राहते. चार दिवसांची मुदत घालणारी कंपनी तुला याच कोड्यात ढकलत असते, म्हणजे दुसरी ऑफर नीट समोर येण्याआधी पहिलीचा निकाल लावायचा. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग साधा आहे. दोन्हींच्या तारखा जुळवायच्या. पहिल्या कंपनीला सौजन्याने लिही की निर्णय विचारपूर्वक घ्यायचा असल्याने पुढच्या बुधवारपर्यंत वेळ हवा आहे. दुसरीला कळव की एका ठिकाणी मुदत आहे, त्यामुळे तुमचे लेखी पत्र लवकर मिळावे. इतक्या फेऱ्यांमध्ये त्यांच्या माणसांचे कितीतरी तास खर्च झालेले असतात, तेव्हा मुदत वाढवून मागितली म्हणून ऑफर सहसा जात नाही. सभ्य शब्दांत काही मागितले म्हणून मी बारा वर्षांत एकाही उमेदवाराची ऑफर मागे घेतली नाही. एकदा मागे घेतली, ती हातात नसलेल्या दुसऱ्या ऑफरचा खोटा आकडा सांगणाऱ्याची.

पैशांबद्दल तू फक्त आकडा सांगितलास. मी विचारते, लेव्हल, म्हणजे हुद्द्याची पायरी, कोणती? कंपनीत प्रत्येक लेव्हलला पगाराची एक पट्टी ठरलेली असते आणि व्यवस्थापकाला त्या पट्टीच्या आतच हलता येते. पहिल्या कंपनीने तुला खालच्या लेव्हलवर घेऊन त्या पट्टीच्या टोकाजवळचा पगार दिला असेल, तर आज आकडा मोठा दिसेल, पण पुढची दोन वर्षे पगारवाढ नाममात्र होईल, कारण वर जागाच उरलेली नसेल. बढतीसाठीही तुला आज येत असलेले काम पुन्हा सिद्ध करून दाखवावे लागेल. उलट वरच्या लेव्हलच्या पट्टीत तळाशी प्रवेश मिळाला तर वाढीला वाव राहतो. म्हणून पहिली मागणी लेव्हलची कर आणि पगाराची त्यानंतर. रिक्रूटर सध्याचा पगार विचारतील. काही ठिकाणी असे विचारण्यास कायद्यानेच मनाई आहे, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून. जेथे मनाई नाही तेथेही, या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे, असे उत्तर देता येते. खोटे मात्र सांगू नये, कारण पार्श्वभूमीच्या पडताळणीत ते उघडे पडते.

मागताना संकोच वाटला तर एक प्रकरण आठव. अ‍ॅपल, गूगल, इंटेल आणि अ‍ॅडोबी या कंपन्यांनी एकमेकांच्या माणसांना नोकरी देऊ करण्यासाठी आपणहून फोन करायचा नाही, असे आपसात ठरवून ठेवले होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये ते बंद करवले आणि पुढे सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०१५ साली ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. बाहेरून येणाऱ्या एका फोनने पगारांवर काय परिणाम होतो, हे त्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांपेक्षा चांगले कळत होते.

शेअरचे कलम तू वाचलेले नाहीस, हे मी पैजेवर सांगते. चार वर्षांचे व्हेस्टिंग, म्हणजे शेअर टप्प्याटप्प्याने नावावर होणे, आणि एक वर्षाचा क्लिफ, म्हणजे त्याआधी काहीच न मिळणे, ही रूढ पद्धत आहे. समज ४,८०० शेअर कबूल केले आहेत. बारा महिने पूर्ण झाल्यावर १,२०० मिळतात आणि पुढे दरमहा १००. अकराव्या महिन्यात बाहेर पडलीस तर हाती शून्य. पण सगळीकडे वाटणी अशी समान नसते. अ‍ॅमेझॉनने कित्येक वर्षे पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि उरलेल्या दोन वर्षांत ४०-४० अशी पद्धत ठेवली होती व पहिल्या दोन वर्षांची तूट रोख बोनसने भरून काढली. त्या हिशेबाने दोन वर्षांनी ९६० शेअर होतात, समान वाटणीत २,४००. चार वर्षांची बेरीज तीच, पण तू तीन वर्षांहून अधिक काळ कोठे टिकशील की नाही हे तुला आज ठाऊक आहे का?

दुसऱ्या कंपनीने शेअर दिलेले नाहीत, ऑप्शन दिले आहेत. म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क. दहा हजार ऑप्शन ऐकायला भरघोस वाटतात, पण कंपनीचे एकूण शेअर एक कोटी असतील तर तो ०.१ टक्का आणि दहा कोटी असतील तर ०.०१ टक्का. एकूण संख्या विचार. सांगायला टाळाटाळ झाली तर त्या ऑप्शनची किंमत मनात शून्य धर आणि पगारावरच निर्णय घे. नोकरी सोडल्यावर ते हक्क वापरायला किती दिवस मिळतात, हेही पाहा. अनेक करारांत ९० दिवसच असतात, आणि बाजारात विकता न येणारे शेअर तेवढ्यात स्वतःच्या खिशातून घ्यायचे की हक्क सोडून द्यायचा, असा पेच पडतो. जॉइनिंग बोनसमागेही बहुधा परतफेडीची अट असते, ती ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पूर्ण रकमेची आहे की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, एवढे तपास.

हे सारे कागदावर वाचता येते. ज्या टीममध्ये तू रोज बसणार ती कशी आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. ऑफर आल्यानंतर होणाऱ्या व्यवस्थापकाशी आणि टीममधल्या दोन अभियंत्यांशी अर्धा तास बोलायचे आहे, असे बेलाशक सांग. चांगली कंपनी याला नाही म्हणत नाही. ही जागा नवी आहे की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली, आणि ती व्यक्ती का गेली? लिहिलेला कोड प्रत्यक्ष वापरात जायला तास लागतात की आठवडे? ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला तर केव्हाही हजर होण्याची, पाळी किती जणांत फिरते आणि आठवड्यात किती वेळा रात्री उठावे लागते? पहिल्या सहा महिन्यांनी, तुला घेतले ते बरे झाले, असे कशावरून म्हणाल? हेच प्रश्न दोघा-तिघांना वेगवेगळे विचार आणि उत्तरे कोठे जुळत नाहीत ते पाहा.

मी एकदा तीन जणांना एकत्रच विचारले होते की शेवटचा मोठा बिघाड झाला तेव्हा रात्री कोण उठले. दोघे हसले आणि दोघांनीही तिसऱ्याकडे पाहिले. तिसरा हसला नाही. पगार उत्तम होता, मी नकार कळवला. आठ-दहा महिन्यांनी त्या जागेची जाहिरात पुन्हा दिसली. त्यातली कामांची यादी वाचून वाटले की तिसराही गेला असावा.

राजीनाम्याबाबत मात्र मी तुला सल्ला देत नाही, बजावते. लेखी ऑफर, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि पडताळणी पूर्ण झाल्याचा निरोप, हे तिन्ही हाती येईपर्यंत आपल्या व्यवस्थापकाकडे एक शब्द बोलायचा नाही. तू दुसरीत असताना मी एका कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर दिलेल्या शब्दावर दुसऱ्याच दिवशी सकाळी राजीनामा दिला होता. पत्र आज येईल, उद्या येईल, असे म्हणता म्हणता त्यांचे अंदाजपत्रक गोठले आणि मी नऊ आठवडे पगाराविना घरी बसले. त्या दिवसांत मी रोज तुला शाळेतून आणायला यायचे आणि तू फाटकापासून धावत यायचीस. तुला वाटे, आईला सुट्टी लागली आहे. सही झालेले पत्रही अभेद्य नसते. जून २०२२ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो चलनाच्या कंपनीने उमेदवारांनी स्वीकारलेल्या ऑफरही रद्द केल्या होत्या. म्हणून नोकरी बदलताना काही महिन्यांचा खर्च बाजूला असावा, आणि ज्या कंपनीला नकार कळवशील तिच्याशीही बोलणे गोडीने संपवावे.

तू राजीनामा दिलास की तुझी सध्याची कंपनी पगार वाढवून देऊ करेल, कारण बिलिंगचा तो जुना कोड समजणारे तुझ्याशिवाय तेथे कोणी उरलेले नाही. ती काउंटर ऑफर वाईटच असते असे मी म्हणणार नाही. जिचे दुःख पगाराचेच होते तिने ती अवश्य घ्यावी. पण मार्चमध्ये तू मला सांगितले होतेस की तीन वर्षे एकाच मॉड्यूलची डागडुजी करून तू नवे काही लिहायचे विसरत चालली आहेस. वाढीव पगारातही मॉड्यूल तेच राहील.

निघताना काम नीट सोपव, नोंदी लिहून ठेव, आणि कोडची एकही फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा मेलवर घेऊ नकोस, मग ती तूच लिहिलेली का असेना. गूगलच्या स्वयंचलित मोटारींच्या प्रकल्पातून २०१६ मध्ये बाहेर पडलेल्या अँथनी लेवांडोव्स्की यांच्यावर सुमारे १४,००० फायली उतरवून घेतल्याचा आरोप झाला. पुढे त्यांनी एका गुन्ह्याची कबुली दिली आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, हा भाग निराळा. तुझ्या दोन-चार उपयोगी स्क्रिप्ट नव्या जागी पुन्हा लिहायला एक शनिवार पुरेल.

आज रात्री मुदतवाढीचा मेल पाठव. मसुदा आधी मला दाखवलास तरी चालेल, पण शब्द तुझेच असू देत. पहिलीचे ऑफर लेटर संपूर्ण, जोडपत्रांसह, मला पाठव, आणि दुसरीचे हाती येताच तेही. मी शेअरचे आणि परतफेडीचे कलम आधी वाचीन आणि गुरुवारी रात्री नऊनंतर फोन करीन. तोपर्यंत त्या दोन अभियंत्यांशी तुझे बोलणे झालेले असावे.

तुझी,
आई