दिन्या, तुझी बाटली फोडली

प्रिय दिन्या,

मार्चनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. शिव्या घाल. तब्येत बरी, साखर जरा वर. आता मुद्दा: तुझी बाटली काल फोडली.

तीच, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाहून आणलेली प्लिनी द एल्डर बिअर. तुझा व्हिसा आज होतोय, उद्या होतोय म्हणत अकरा महिने ती मेथीच्या जुडीमागे उभी होती. ताजी प्या, साठवू नका, असं लेबलवर स्पष्ट छापलंय. ठाऊक होतं रे. पण फोडली की तू येत नाहीयेस हे ठरलंच, म्हणून हात जाईना.

काल तिच्या शेजारी त्याच बिअरची ताजी बाटली घेऊन बसलो. दोन्ही ग्लासात! बर्लिंग्टनला हेडी टॉपर बिअरच्या कॅनवर 'कॅनमधूनच प्या' छापलंय म्हणून तू माझा ग्लास पालथा घातला होतास, ते विसरलेलो नाही. आणि त्या गढुळात तुला सापडलेला पेरू आंबाच होता.

असो. ताजीचा ग्लास तोंडाशी येण्याआधीच पपनसाची साल नाकात शिरली, मागून चिडाचा ओला डिंक. घोट उतरला की जीभ कोरडी, स्वच्छ कडू. तुझी मात्र मधात भिजवलेला पुठ्ठा! पपनस गायब, चीड गायब. कडूपणा तेवढा बऱ्यापैकी शाबूत, आणि तोच जास्त लागला. उकळताना हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या, अल्फा आम्लांतून येतो तो कडूपणा चिवट. वास मुख्यतः आंबवण झाल्यावर घातलेल्या सिम्को-सेंटेनियल जातीच्या हॉप्सच्या तेलांचा, तो आधी जातो. शिवाय बिअर बिघडवायला टोपणाखालची चिमूटभर हवाही पुरते. 8 टक्के अल्कोहोल असून उपयोग शून्य. खरा प्लिनी, तो रोमन लेखक, 79 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीपायी गेला, हा माझ्या फ्रिजमध्ये.

ताजी अर्धीच राहिली. तुझी ओतून देववेना, शेवटपर्यंत प्यायलो. बायको म्हणाली, चेहरा काढा घेतल्यासारखा का? तिला काय सांगणार?

काकूंचा गुडघा कसा आहे? चिमीची दहावी यंदाच ना? फ्लॅटचा ताबा मिळाला का? बिल्डरच्या नावानं फोनवर सविस्तर बोंबलू.

रिकामी बाटली धुऊन ठेवलीय. दुसरी आणून ठेवणार नाही. तिकीट काढलंस की कळव, विमानतळावरून परस्पर सांता रोझालाच जाऊ.

तुझा,
बाळ्या

ता.क. आंबाच होता.