आई, आपल्या घराची धर्मशाळा नाही झाली

एरंडवणे, पुणे ४
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर "घराची धर्मशाळा केलीस गं" एवढंच म्हणाली आणि तिने फोन बाबांकडे दिला. बाबांनी थंडी पडली का विचारलं आणि ठेवून दिला. तुम्ही दोघं वाईला राहायला गेलात आणि हे घर मी ॲपवरून थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागले, त्यावरून ती बोलली. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर मला सगळं नीट सांगता येत नाही, गळा दाटतो, म्हणून लिहायला बसलेय. सकाळचे पाहुणे अकराला गेले, पुढचे उद्या दोनला येतील. आपल्याच स्वयंपाकघरात, खिडकीशी स्टूल ओढून लिहितेय.

आधी खालच्या काकूंचं. आपल्या घरातलं पाणी त्यांच्या छतात झिरपलं असं त्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. त्या गुरुवारी दुरुस्तीसाठी महापालिकेने पाणी बंद ठेवलं होतं. आपण पुणेकर बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवतो, पण इंदूरहून आलेल्या त्या कुटुंबाला हे कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं आणि मी विसरले. गुरुवारी रात्री गच्चीवरची टाकी रिकामी झाली. त्यांनी सिंकचा नळ सोडून पाहिला, पाणी नाही, तो तसाच उघडा राहिला. शुक्रवारी पहाटे मंडळी सिंहगडावर गेली. सकाळी उशिरा पाणी आलं, पंप लागला, टाकी भरली आणि नळ वाहायला लागला. सिंकमधलं एक ताट नेमकं जाळीवर बसलं होतं. पाणी ओट्यावरून खाली, तिथून दाराखालून जिन्यात. वॉचमनने पाहिलं तोवर काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली होती.

मी शाळेतून तास सोडून धावत आले. काकू काही बोलल्या नाहीत, बादली धरून उभ्या होत्या. ते मला जास्त लागलं. छत वाळल्यावर पुट्टी आणि रंग करून दिला, साडेसहा हजार लागले. ते मी पाहुण्यांकडून घेतले नाहीत. त्यांच्या हातून नळ उघडा राहिला हे खरं, पण पाणी बंद असणार हे सांगणं माझं काम होतं. बाबा, बाहेर पडताना तुम्ही घरातल्या प्रत्येक नळाला हात लावून बघायचात, आणि गाडी चुकेल म्हणून आम्ही दारात खोळंबायचो. आता मी तेच करते. बुधवारी रात्री पाहुण्यांना फोन करून पाणी कधी जाणार, कधी येणार ते सांगते, दोन बादल्या आणि पिंप भरून घेते, आणि ते बाहेर जाणार असतील तर मोरीजवळचा मेन कॉक बंद करायला लावते. कॉकला लाल रिबन बांधलीय, म्हणजे शोधत बसायला नको.

दुसरी गोष्ट काकूंनाही ठाऊक नाही. ती मी तुमच्यापासून दोन महिने लपवली. बाबा, तुमच्या वेताच्या खुर्चीचा उजवा हात तुटला.

आपल्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक दवाखान्यासाठी येतात. दीनानाथ मंगेशकर रुग्णालय पायी अंतरावर, त्यामुळे बीड, लातूर, सोलापूरकडची माणसं पेशंटजवळ राहायला आळीपाळीने येतात. कुणी दोन रात्री, कुणी पंधरा दिवस. सप्टेंबरात बीडचे एक काका ऑपरेशननंतर आठवडाभर तपासणीसाठी थांबणार होते. मुलाने फोनवर सगळं विचारलं, गॅस आहे का, कमोड आहे का, रिक्षा मिळते का. लिफ्ट आहे का हे त्याने विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. ॲपवर लिहिलेलं होतं, पण अडचणीतला माणूस एवढं वाचत बसत नाही. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स खाली थांबली, काका स्ट्रेचरवर, आणि वर तीन मजले. मुलाने जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मी वर पळाले आणि तुमची खुर्ची आणली. समोरच्या इमारतीतली दोन पोरं, वॉचमन आणि तो मुलगा, असे चौघे लागले. प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं टेकत काकांना वर नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा हात कठड्याला अडकला आणि कडकन वाजलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते, पण वर गेल्यावर त्यांनी आधी तेच विचारलं, "कुणाची खुर्ची होती पोरी?" मी म्हटलं, माझ्या वडिलांची. निघताना खाली नेताना मात्र सोसायटीच्या ऑफिसातली लोखंडी खुर्ची वापरली. पण त्यांनी जाण्याआधी तुमच्यासाठी कागदात बांधून सीताफळं ठेवली होती. तीच मी वाईला घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत "मंडईत काय भावाने मिळाली?" आणि मी विषय बदलला.

त्या दिवसापासून कुणाचाही फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, वर कोण कोण चढणार आहे? पेशंट स्वतः राहणार असेल तर मी सरळ नाही म्हणते आणि तळमजल्यावर खोली देणाऱ्या ओळखीच्या बाईंचा नंबर देते. त्यात आपलं बुकिंग जातं, जाऊ दे.

आई, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. परकी माणसं आपल्या गादीवर निजतात, आपल्या ओट्यावर स्वयंपाक करतात. म्हणून ऐक. तुझी पितळी भांडी, पोळपाट, मसाल्याचा डबा, सगळं मागच्या खोलीतल्या कपाटात आहे. ती खोली पाहुण्यांना देत नाही, देणारही नाही. देव तू वाईला नेलेस, पण देव्हारा तिथेच आहे, मी आले की रोज पुसते. पाहुण्यांना वेगळा कुकर, वेगळी कढई, स्टीलची ताटं. सामिष घरात शिजवायचं नाही हे आधीच सांगते. बहुतेक लोक मान्य करतात, ज्यांना अडचण वाटते ते दुसरीकडे जातात. तुझी सोलापुरी चादर मात्र मी बाहेर काढली. मागच्या डिसेंबरात रात्री दोनला दवाखान्यातून परत आलेल्या एका आजी कुडकुडत होत्या, दुसरं काही सुचलं नाही. नंतर दोनदा धुतली, रंग तसाच आहे.

रोजचं काम किती असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. अकराला एक जण जातो, दोनला दुसरा येतो. मधल्या तीन तासांत मावशी आणि मी. चादरी, अभ्रे, टॉवेल बदलायचे, मोरीच्या जाळीतले केस काढायचे, फ्रिजमधलं उरलंसुरलं टाकायचं, पलंगाखाली वाकून बघायचं. पलंगाखाली हमखास चार्जर सापडतो, एकदा तर कवळी सापडली. त्या आजोबांना ती स्वारगेटला एसटी सुटायच्या आत पोचवली. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत आणि कुबट वास राहतो, म्हणून सहा जोड केलेत आणि तू सांगितलंस तसा कपाटात कापूर ठेवते. ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा ठेवा असं कितीदा सांगितलं तरी लोक एकाच पिशवीत भरतात. मग कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना त्यात हात घालावा लागतो. ते मला सहन होत नाही. मी आता तीन रंगांचे डबे ठेवलेत, आणि तरी मिसळलं तर मीच हातमोजे घालून निवडते.

विजेचं बाबा विचारणारच. तीनशे युनिटच्या वर गेलं की दर चढतो, आणि मे महिन्यात एसीमुळे ते जातंच. गीझर मात्र लोक तासन् तास चालू ठेवायचे, म्हणून त्याला आपोआप बंद होणारा टायमर बसवून घेतला. तुमची बिलांची फाइल मी पुढे चालू ठेवलीय, त्याच क्रमाने.

ओळखपत्र घेतल्याशिवाय मी कुणालाही किल्ली देत नाही. आधार असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घेते, लोकांचे अख्खे नंबर आपल्याकडे कशाला? परदेशी पाहुणा असला तर तो उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कधी जाणार. गेल्या वर्षी अय्यंगारांच्या योगसंस्थेत महिनाभर शिकायला आलेल्या एका जर्मन बाईंचा फॉर्म मी इथेच ओट्याशी बसून रात्री साडेअकराला भरला. त्या सकाळी पाचला उठायच्या, पावलांचा आवाज नाही. खालच्या काकू अजून त्यांची आठवण काढतात. आणि बाबा, भांडारकर संस्थेत हस्तलिखितं पाहायला आलेले एक प्राध्यापक तुमच्या पुस्तकांच्या कपाटासमोर तासभर उभे होते. काचेतून नावं वाचत होते. मी किल्ली आणून उघडून दिलं. त्यांनी प्रत्येक पुस्तक जिथून काढलं तिथेच ठेवलं. तुम्ही असतात तर त्या रात्री जेवण बाजूला राहिलं असतं.

सगळेच असे नसतात. विसर्जनाच्या वेळी चार जणांचं बुकिंग होतं. मानाचे पाच गणपती बघायचे, लक्ष्मी रोडला कुठे उभं राहायचं, सगळं मी त्यांना समजावलं. नळ स्टॉपहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. रात्री अकराला आले तेव्हा माणसं अकरा होती. गाड्या दुसऱ्यांच्या जागेवर लावल्या, जिन्यात गाणी. मी वर जाऊन हात जोडून सांगितलं की चौघं राहा, बाकीच्यांची सोय मी दुसरीकडे करते. त्यांनी आवाज चढवला. मी एकटी होते, घाबरले होते, पण दारातून हलले नाही. शेवटी सात जण गेले. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागितली. समितीने चार अटी लेखी घातल्या: चारच्या वर माणसं नकोत, खाली रजिस्टरमध्ये नाव, रात्री दहानंतर आवाज नाही, गाडी फक्त आपल्या जागेवर. अटी रास्त आहेत. मी सही केली, आणि आता सणाच्या दिवसांत ओळखीशिवाय बुकिंगच घेत नाही.

एवढं करून मी हे का करते? पैसे तुमच्या खात्यात येतात आणि त्यातून वाईच्या घराची कौलं झाली, हे एक. पण कुलूप लावलेलं घर मी पाहिलंय. तुम्ही गेल्यावरचे पहिले आठ महिने. नळ गंजले होते, मोरीत झुरळं, तुमच्या खोलीत भिंतीला बुरशी. मी दार उघडून आत यायचे आणि दहा मिनिटांत निघून जायचे. अकरा महिन्यांच्या कराराने कायमचा भाडेकरू ठेवला असता तर मागची खोली द्यावी लागली असती आणि तुम्हाला यायचं झालं तर त्याला विचारून यावं लागलं असतं. आता कॅलेंडर माझ्या हातात आहे. मी तारखा बंद केल्या की घर आपलं.

तर ८ ते १६ डिसेंबर मी बंद केलेत. सवाई गंधर्व संगीत महोत्सव आहे. बाबा, तुम्ही दोन वर्षं इथे आला नाहीत ते गुडघ्यामुळे, हे मला माहीत आहे, आणि कुणाला त्रास नको म्हणून तुम्ही नाही म्हणणार हेही. खुर्ची मी बुरूड आळीत दिलीय. वेत नवा, चौकट जुनीच, हाताला आतून लोखंडी पट्टी घालून देणार आहेत. बुधवारी मिळेल. समोरच्या इमारतीतल्या त्या दोन पोरांना मी विचारलं, म्हटलं आता माझ्या बाबांना वर आणायचंय. धाकटा म्हणाला, "बाबांना सांगा, वळणावर आता कसं धरायचं ते आम्हाला कळलंय." 

आई, येताना हळद आण, अर्धा किलो काकूंसाठी वेगळी बांध. कपाटाची किल्ली तुझ्याकडेच आहे ना, की दुसरी करून ठेवू?

तुमची,
लेक