मंगळवारी सकाळी सातला माणूस येईल

ती. आई-बाबांस सा. न.

रागावू नका, न विचारता एक ठरवून टाकलंय. येत्या मंगळवारपासून महिनाभर, दर आठवड्याला लॅबचा माणूस घरी येऊन बाबांचं रक्त नेईल. पैसे भरलेत. उपाशी राहायचं नाही. आई, चहा नेहमीच्या वेळीच ठेव.

बाबा, तुम्ही म्हणाल, संडासातून रक्त जायचं थांबलं, आता सुया कशाला? ते स्टेरॉइडनं थांबलंय. अझाथायोप्रिनचा, म्हणजे तुमच्या पोटाच्या गोळीचा, गुण यायला दोन-तीन महिने लागतात, त्रास मात्र आधीही होऊ शकतो. पांढऱ्या पेशी उतरतात, लिव्हरला सूज येते, आणि माणसाला आतून काही जाणवत नाही. रिपोर्टातच दिसतं.

रविवारी बिस्किटांच्या डब्यात ती अ‍ॅलोप्युरिनॉलची पट्टी दिसली ना, चार गोळ्या संपलेली, तेव्हा माझे हातपाय गार पडले. पायाच्या अंगठ्यासाठी, युरिक अ‍ॅसिड कमी करायला, ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना पोटाच्या गोळीचं कुणी सांगितलंच नव्हतं. अंगठ्याच्या त्या गोळीनं अझाथायोप्रिन अंगात साठत जातं. दोन्ही द्यायच्याच झाल्या तर अझाथायोप्रिन पाव डोसावर आणतात. तुम्ही पूर्ण घेत होतात. पोटाच्या डॉक्टरांनी फोनवरच अंगठ्याची गोळी बंद केली म्हणून बरं. तुमची चूक नाही. फाइल मी सोबत द्यायला हवी होती. एसटीत कराड येईपर्यंत हेच डोक्यात होतं.

लहानपणी सुई टोचताना तुम्ही माझं तोंड तुमच्या शर्टात दाबून धरायचात. खिशातल्या तपकिरीचा वास अजून आठवतो. मंगळवारी मी नसेन. आई, तू जवळ बस.

आता नीट ऐका. ताप आला, घसा धरला, तोंड आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, तरीही. उशीवर केस जास्त दिसू लागले तर आई, मला लगेच सांग. गच्चीवर टोपी घालूनच जा. गोळी मनानं बंद करायची नाही आणि कुठलीही नवी गोळी, अगदी अंगठ्याचीसुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. अंगठा दुखतोय हे मला कळतं बाबा, त्यावर दुसरं काही देतो म्हणालेत डॉक्टर.

सगळ्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहून सोबत पाठवतेय. तो कागद शर्टाच्या खिशातच राहू दे, तपकिरीच्या डबीजवळ.

तुमची,
चिमी