डॅफोडिलचे नाव मोजून ठरवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील वसंत ऋतूवर आलेल्या लेखासोबत पिवळ्या फुलांचे एक सुरेख छायाचित्र होते आणि त्याखाली ‘किंग आल्फ्रेड जातीचे डॅफोडिल’ अशी ओळ छापलेली होती. लेख मला मनापासून आवडला, परंतु त्या एका ओळीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. कॉर्नवॉल आणि डेव्हन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या टेमर नदीच्या खोऱ्यात आमचे जुने घर आहे आणि त्या घरामागे, आधीच्या कोणी तरी लावलेल्या कंदांमधून दर वर्षी उगवणाऱ्या डॅफोडिलांची नावे शोधण्यात माझे चार वसंत गेले आहेत. एवढ्या अनुभवावरून सांगते की ते फूल ‘किंग आल्फ्रेड’ असण्याची शक्यता फार थोडी आहे.

‘किंग आल्फ्रेड’ हे डेव्हनमधील जॉन केंडल यांनी तयार केलेले वाण. 1899 साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधील बागकामाच्या संस्थेने त्याला प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दिले आणि त्यानंतर त्याचा एवढा बोलबाला झाला की मोठ्या, सोनेरी तुतारीच्या, म्हणजे फुलाच्या मधल्या नळीसारख्या भागाच्या, कोणत्याही डॅफोडिलला लोक तेच नाव देऊ लागले. खऱ्या ‘किंग आल्फ्रेड’च्या पाकळ्यांना किंचित पीळ असतो. आज बाजारात त्या नावाने मिळणारे कंद बहुधा ‘डच मास्टर’ किंवा तत्सम नंतरच्या वाणांचे असतात. आंबेमोहोराच्या नावाखाली भलताच तांदूळ गळ्यात पडल्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे हा प्रकार मराठी वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. पिशवीवरचे नाव आणि पिशवीतला माल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

डॅफोडिलांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी 1955 पासून याच सोसायटीकडे आहे आणि नोंदलेल्या नावांची संख्या 30,000 हून अधिक आहे. इतक्या गर्दीत केवळ रंग पाहून किंवा मोबाइलवर छायाचित्र काढून नाव ठरवता येत नाही. आमच्या एकाच बेटातील, म्हणजे एकत्र वाढलेल्या झुबक्यातील, तीन फुलांना मोबाइलने तीन वेगवेगळी नावे दिली, तेव्हा मी तो मार्ग सोडला आणि शाळेतली पट्टी घेऊन बागेत बसले. सर्व डॅफोडिलांचे 13 गट केलेले आहेत आणि त्यांतील पहिले तीन गट केवळ मापावर ठरतात. एका देठावर एकच फूल असेल आणि मधली तुतारी पाकळीइतकी किंवा तिच्याहून लांब असेल तर तो पहिला गट; पाकळीच्या एक तृतीयांशाहून जास्त पण पाकळीपेक्षा कमी लांबीचा पेला (आखूड तुतारीला पेला म्हणतात) असेल तर दुसरा; आणि एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असेल तर तिसरा. जास्तीच्या पाकळ्यांच्या दुहेरी फुलांचा चौथा, एका देठावर सुवासिक फुलांचा गुच्छ धरणाऱ्या टॅझेटांचा आठवा. काश्मिरात आणि हिमाचलात ज्याला नर्गिस म्हणतात ते फूल या टॅझेटांपैकीच. गटानंतर रंगाची अक्षरे लिहितात: आधी पाकळ्यांचा रंग, मग पेल्याचा, आणि पेल्याचा रंग नेहमी आतून काठाकडे वाचायचा. ही शिस्त अंगवळणी पडली की फुलाकडे पाहण्याची नजरच बदलते.

आमच्या मागच्या भिंतीलगत एक दुहेरी पिवळे फूल येते. त्याच्या काही फुलांत जास्तीच्या पाकळ्या तुतारीच्या आतच ठासून भरलेल्या असतात, तर काहींत तुतारी पार फाटून हिरवट-पिवळ्या पाकळ्यांचा नुसता विस्कटलेला गोंडा होतो. पहिल्या वर्षी मी त्यांची दोन वेगळी वाणे म्हणून नोंद केली होती. नंतर एकच कंद उकरून पाहिला, तेव्हा त्याच कंदाच्या दोन देठांवर दोन्ही रूपे दिसली. ते ‘वॅन सायन’ निघाले. लंडनमध्ये राहणाऱ्या एका फ्लेमिश बागप्रेमीकडे ते 1620 साली फुलल्याची नोंद आहे, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीचे हे वाण आजही कोणाच्या देखभालीशिवाय आमच्या भिंतीलगत उभे राहते.

कुंपणाच्या सावलीतील दुसऱ्या बेटाला सपाट, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये लाल किनारीची छोटीशी पिवळी वाटी आहे. शेजाऱ्यांनी ते ‘अ‍ॅक्टिया’ असल्याचे सांगितले. ‘अ‍ॅक्टिया’चे फूल मोठे, रुंद पाकळ्यांचे असते आणि ते एप्रिलमध्ये येते. आमच्या फुलाच्या पाकळ्या मात्र मागे वळलेल्या आहेत, वाटी अगदीच लहान आहे आणि ते मे महिन्यात, बाकीची सर्व डॅफोडिले सुकून गेल्यावर फुलते. येथे ज्याला फेझंट पक्ष्याचा डोळा म्हणतात ते पोएटिकस नावाचे जुने डॅफोडिल हेच. फुलण्याची तारीख लिहून ठेवलेली नसती तर ही चूक माझ्या लक्षात आली नसती.

माझ्या सर्वात जिव्हाळ्याचे फूल मात्र बागेत नसून बागेच्या कडेच्या दगडमातीच्या बांधात आहे. टेमरच्या उतारांवर थंडीचा कडाका कमी असल्याने येथे फुलांची शेती फार मोठी होती. 1859 साली अभियंता ब्रुनेलचा टेमरवरील रेल्वेपूल आणि 1908 साली कॅलस्टॉक गावाचा रेल्वेपूल झाल्यावर येथली फुले आगगाडीने लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात जात. दुसऱ्या महायुद्धात याच जमिनीवर अन्नधान्य पिकवणे भाग पडले आणि शेतकऱ्यांनी उपटलेले कंद बांधांत फेकून दिले. ते तिथेच रुजले. त्यांतील दुहेरी पांढरे वाण मे महिन्याच्या अखेरीस फुलते. वसंत कोरडा आणि उबदार गेला तर त्याच्या कळ्या न उमलताच कागदासारख्या सुकतात, आणि ज्या वर्षी उमलतात त्या वर्षी त्यांचा वास थेट आपल्या अनंताच्या फुलाचा येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी त्या बांधापाशी बराच वेळ उभी होते. जवळच कोटहील येथील जुन्या वाड्याच्या आवारात खोऱ्यातील अशी अनेक वाणे जपलेली आहेत आणि ओळख पटवताना तिथली फुले प्रत्यक्ष पाहण्याचा मला फार उपयोग झाला.

चौथे बेट अजून निनावी आहे. पाकळ्या पांढऱ्या, पेला उमलताना फिकट पिवळा आणि तीन-चार दिवसांत पिकल्या जर्दाळूच्या गुलाबट रंगाचा. गेल्या वसंतात उमलल्याच्या पाचव्या दिवशी मापे घेतली: पाकळी 36 मिलिमीटर, पेला 27 मिलिमीटर. म्हणजे गट दुसरा, पांढऱ्या पाकळ्यांचे आणि गुलाबी पेल्याचे. हेरफर्डच्या सारा बॅकहाउस यांच्या हातून घडलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्धीस आलेले ‘मिसेस आर. ओ. बॅकहाउस’ हे गुलाबी डॅफोडिलांतील पहिले नामांकित वाण. 2025 साली सोसायटीने ज्या तीन दुर्मिळ डॅफोडिलांचा शोध घेण्याचे आवाहन घरोघरच्या बागवाल्यांना केले, त्यांत ते होते. ते माझ्याच बागेत असावे अशी मला तीव्र इच्छा आहे आणि नेमकी म्हणूनच मी घाई करत नाही. त्या वाणापासून पुढे कितीतरी गुलाबी वाणे निर्माण झाली, उन्हाने गुलाबी रंग उडतो, आणि विषाणूची लागण झालेल्या झाडाच्या पानांवर फिकट रेघा उमटून फुलाचा रंगही फुटका दिसतो. पाट्या लिहिताना मी त्या बेटापाशी ‘नाव अज्ञात’ असेच लिहिले आहे. चुकीचे नाव लिहिले असते तर पुढे या घरात येणाऱ्याने ते खरे मानून कंद वाटले असते आणि चूक गावभर पसरली असती.

इंग्लंडमध्ये आता पुष्कळ मराठी कुटुंबांनी जुनी घरे घेतली आहेत. नव्या घरात येताच बाग साफ करून तिथे फरशी बसवण्याची घाई होते, असे मी अनेकदा पाहिले आहे. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की एक पूर्ण वसंत, मेच्या अखेरपर्यंत, काहीही उकरू नये. फूल समोरून आणि बाजूने टिपावे, शेजारी पट्टी ठेवावी, पहिले फूल उमलल्याची तारीख आणि वास लिहावा, आणि फुले गेल्यावर पाने निदान सहा आठवडे कापू नयेत, कारण पुढच्या वर्षीचे फूल त्याच पानांच्या जोरावर कंदात तयार होते. रस्त्याकडेच्या बांधातील कंद मात्र घरी आणू नयेत. रानात वाढणारे झाड जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उपटणे हा 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणखी एक सांगणे गृहिणींसाठी आणि घरातल्या मुलांसाठी: हे कंद दिसायला कांद्यासारखे असतात, कुळही तेच, पण ते विषारी आहेत, तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी कधीही ठेवू नये.

आपणांस विनंती एवढीच की यापुढे अशा छायाचित्राखाली वाणाची खात्री नसेल तेव्हा नुसते ‘डॅफोडिल’ असे छापावे. येत्या एप्रिलमध्ये चौथ्या बेटाला फुले आली की मी ती जाणकारांना प्रत्यक्ष दाखवणार आहे आणि त्यांनी जे सांगितले ते, नाव मिळो वा न मिळो, आपल्याला अवश्य कळवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, टेमर खोरे, कॉर्नवॉल