कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘कोड फोल्डिंग’ शिकवावे

मा. संपादक, स. न. वि. वि.

नाशिकमधील डिप्लोमा आणि अभियांत्रिकीची जी मुले माझ्याकडे प्रशिक्षणासाठी येतात, त्यांना कोड लिहिता येतो. पण दुसऱ्याने लिहिलेली हजार-दीड हजार ओळींची फाइल समोर आली की ती पहिल्या ओळीपासून माउसचे चाक फिरवत खाली जातात आणि निम्म्या वाटेवर आपण काय शोधत होतो हेच विसरतात. नोकरीतील पहिले काही महिने बहुतेकांना असा जुना कोड वाचण्यातच घालवावे लागतात. त्यासाठी एडिटरमधील (कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममधील) कोड फोल्डिंगची, म्हणजे कोडचे भाग घडी घातल्यासारखे तात्पुरते झाकून ठेवण्याची सोय त्यांना लॅबमध्येच शिकवली जावी, असे वाटते.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथन भाषेतील मोठी फाइल उघडून कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-२ दाबले, की क्लासचे नाव आणि त्याखालील फंक्शनांच्या पहिल्या ओळी तेवढ्या उरतात, बाकीचे सारे मिटते. समासातील ओळींचे आकडे १२ वरून एकदम ८७ वर उडी घेतात आणि त्या उडीवरूनच कोणते फंक्शन अवाजवी लांबले आहे ते कळते. हवे तेवढेच उघडून वाचावे. कंट्रोल-के, कंट्रोल-जे दाबताच सर्व पूर्ववत होते. फाइलमधील एक अक्षरही बदलत नाही, बदलते ते केवळ पडद्यावरचे दृश्य. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ऑल्ट-० ने सर्व भाग मिटतात आणि तो एडिटर मोफत असल्याने खर्चाची सबबही उरत नाही. ही कल्पना काही नवी नाही: माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिलेल्या प्रात्यक्षिकात बाजाराची यादी अशीच मिटवून-उघडून दाखवली होती.

फोल्डिंगमुळे लांबलचक, गचाळ फंक्शने झाकली जातात, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि सी शार्प भाषेत ‘रीजन’ ही मिटवण्याच्या भागाची खूण टाकून पसारा दडवणाऱ्यांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु वारशाने आलेला कोड जसा आहे तसाच वाचावा लागतो. तो नीटनेटका करायचा तरी आधी त्याचा आराखडा दिसायला हवा. एक सावधगिरी मात्र शिकवणाऱ्याने अवश्य सांगावी: विम या एडिटरमध्ये मिटलेल्या ओळीवर ‘डीडी’ (ओळ खोडण्याची आज्ञा) दाबले तर आतल्या सर्व ओळी एकदम जातात.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतही याचा उपयोग आहे. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी मशिनच्या लांब प्रोग्रॅममध्ये एकसारखे दिसणारे कोऑर्डिनेट ओळीमागून ओळी चाललेले असतात आणि नेमके कोणते टूल कुठे सुरू होते ते शोधताना डोळे शिणतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये आपल्या सोयीची भाषा-व्याख्या करून विभागाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या खुणा नेमून देता येतात; मग टूलप्रमाणे एकेक भाग मिटवून प्रोग्रॅम तपासता येतो. आयटीआयच्या मुलांनाही हे सहज जमेल.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सत्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला विद्यार्थ्यांना कोरी फाइल न देता मागच्या वर्षीच्या एखाद्या प्रोजेक्टचा कोड द्यावा आणि तो मिटवून त्याची रचना तोंडी सांगायला लावावी, अशी शहरातील प्राध्यापकांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक